‘तेव्हाच का नाही बोललास?’

पुण्याहून नगर रोडने निघालं, की रांजणगावच्या महागणपतीनंतर थोड्याच वेळात कारेगाव लागतं. एमआयडीसीमुळे गावभर भाड्याच्या खोल्या. एका खोलीत चौघं, दोघं डे शिफ्टला, दोघं नाइटला. गादी कधी गार पडत नाही, असं इथली पोरं हसत सांगतात.

अशाच एका खोलीत मी त्याला भेटले. वय ३१, मशीन ऑपरेटर. नाव, जिल्हा, संस्था काहीच छापायचं नाही, हे आधीच ठरलेलं. सोबत त्याचा रूम पार्टनर. खरं तर ही स्टोरी पार्टनरचीही आहे.

एका संध्याकाळी नाइट शिफ्टसाठी उठवायला पार्टनरने त्याचा खांदा हलवला. पुढच्या क्षणी पार्टनरच्या नाकातून रक्त! झोपेतच जोरात बुक्की बसली होती. त्या रात्री कंपनीची बस चुकली, आणि बाहेरच्या पायरीवर बसून त्याने पहिल्यांदा सांगितलं. दहा ते तेरा या वयात तो मुलांच्या वसतिगृहात होता. तिथला रेक्टर रात्री असाच खांदा हलवून उठवायचा आणि खोलीत न्यायचा.

पार्टनर म्हणाला, ‘‘मग तेव्हाच का नाही बोललास?’’

त्यानंतर आठ दिवस दोघांत अबोला. प्रामाणिकपणे सांगते, माझ्या वहीतही हाच प्रश्न दुसऱ्या नंबरवर होता. मी तो विचारला नाही, पण उत्तर मिळालंच. ‘‘ज्याला सांगायचं, तोच तो होता. घरी सांगावं, तर आई म्हणाली असती, तिथे दोन वेळचं जेवण तरी मिळतंय ना.’’

संस्थेतल्या अत्याचाराचं हेच तर असतं. जेवण, फी, छप्पर सगळं एकाच्या हातात. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका रॉयल कमिशनने अशा हजारो लोकांचं ऐकून घेतलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी जवळजवळ २४ वर्षं लागली होती! आपला मित्र त्या हिशोबात जरा लवकरच बोलला म्हणायचं.

आणि हे फक्त ‘बाहेरचं’ नाही. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त मुलगे होते. गोव्यात मडगावला अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६मध्ये जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्याची केस तर बघा. तक्रार २००१ची. २००६मध्ये सेशन्स कोर्टाने दोघा ब्रिटिशांना शिक्षा दिली, २००८मध्ये हायकोर्टाने सोडलं, २०११मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षांत साक्ष देणाऱ्या पोरांचे बाप्ये झाले असतील.

पार्टनरला कायदा-बियदा ठाऊक नव्हता. त्याने सुचेल ते केलं. आता तो हात लावून उठवत नाही. आधी लाइट लावतो, दारातूनच नावाने हाक मारतो. दाराजवळची जागा त्याला दिली. पुण्यातल्या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीला तो सोबत गेला. पहिल्या खेपेला दोघं लाइनमधूनच परत आले, मिसळ खाऊन. दुसऱ्या खेपेला नंबर लागला. (सुट्टी मिळत नसेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही.)

एकदा मात्र पार्टनर पेटला. ‘‘चल, गाडी काढ, त्या रेक्टरला बघूनच येऊ!’’ याला घाम फुटला. मला वाटतं, मदत करणारे इथेच चुकतात. लहानपणी सगळं दुसऱ्याने ठरवलं. आता तरी त्याला ठरवू द्या ना! त्याला आधी एकच विचारायचं होतं. अशी मुलं मोठेपणी तसंच वागतात म्हणतात, ते खरं का? या भीतीने त्याने लग्नाची दोन स्थळं टाळली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बहुतेक जण तसं कधीच वागत नाहीत. त्या दिवशी म्हणे तो बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडला.

तक्रारीचं काय? मुलगा-मुलगी भेद न करणारा पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२पासूनचा. त्याची गोष्ट त्याआधीची, म्हणजे जुनं कलम ३७७. ते १ जुलै २०२४पासून रद्द झालं, तरी आधीच्या गुन्ह्यांना लागू राहतं, आणि एवढ्या गंभीर गुन्ह्याला मुदतीची अट नाही. पुरावा कुठून आणायचा, हा वेगळा डोंगर. (मोठ्या पुरुषावर आज असा अत्याचार झाला, तर नव्या संहितेत त्यासाठी कलमच नाही. हे वाचून मी दोनदा खात्री केली.)

पण एक गोष्ट त्याला झोपू देत नाही. वसतिगृह चालू आहे. रेक्टर रिटायर झाला की अजून तिथेच आहे, हे कळलेलं नाही. आत्ता तिथे मुलं धोक्यात असतील, तर १०९८ आहे, पोलीस आहेत. जाणतेपणी गप्प बसणं पॉक्सोखाली गुन्हा आहे, हेही त्याला आता माहीत आहे.

सध्या तो सगळं लिहून काढतोय. शंभर पानी वही, तीन पानं झालीत. पार्टनरने ती उघडलेली नाही.

‘‘तो देईल तेव्हा वाचेन,’’ असं म्हणून त्याने चहा गाळला आणि घड्याळाकडे बघितलं. सेकंड शिफ्टची बस यायची होती.