गणिताच्या नोट्स धाकट्यांसाठी: समज आणि वस्तुस्थिती

दहावी झालेल्या ताईदादाची गणिताची वही धाकट्या भावंडाकडे जाते, ही रीत जुनीच. आता तिचे फोटो काढून पीडीएफ केली की उरण शहरातली वही त्याच संध्याकाळी करंजा, चिरनेर किंवा जासईतल्या मुलांच्या मोबाइलवर पोचते. या सोयीबरोबर काही गैरसमजही पोचतात.

पहिला समज असा की, आपल्या नोट्स दिल्या की आपले नुकसान होते. धाकटी मुले त्या वर्षीच्या परीक्षेत स्पर्धेला नसतातच. उलट, समजावून सांगायला बसल्यावर आपल्याला काय नीट आलेले नाही ते कळते. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांना धडे देत. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी हीच पद्धत राबवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली.

सर्वांत घातक समज म्हणजे, सोडवलेली उदाहरणे वाचली की गणित आले. नमुना उदाहरणे नवशिक्याला खरोखर उपयोगी पडतात. ऑस्ट्रेलियातील स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत ते दिसले. पण त्या प्रयोगांत एक उदाहरण अभ्यासले की लगेच तसेच दुसरे सोडवायचे असे. म्हणून नोट्समध्ये प्रत्येक नमुन्याखाली एक न सोडवलेले उदाहरण हवे, आणि त्याचे उत्तर शेवटच्या पानावर.

पायऱ्या गाळण्याचे दुष्परिणामही इथेच दिसतात. अंकगणिती श्रेढीत पहिले पद २० आणि सामान्य फरक −३ असेल, तर दहावे पद २० + ९ × (−३) म्हणजे −७ येते. घाईत गुणाकाराची खूण आणि कंस सुटून २० + ९ − ३ असे लिहिले गेले तर उत्तर २६ येते. लिहिणाऱ्याच्या मनात कंस असतो. वाचणाऱ्यापुढे फक्त कागद असतो. नोट्स पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणे त्यासाठीच गरजेचे. फोटो म्हणून पाठवल्यास व्हॉट्सॲप चित्राचा दर्जा कमी करते आणि वजाची बारीक रेघ पुसट होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते.

एकच नोट्स सगळ्यांना चालतात, हेही खरे नाही. राज्य मंडळाच्या दहावीत बीजगणित आणि भूमिती असे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर व २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. सीबीएसईत ८० गुणांचा एकच पेपर असतो. शिवाय सेमी-इंग्रजीतल्या मुलाला ‘छेदिका’ म्हणजे ‘सीकंट’ हे सांगावे लागते. दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले की वही दोघांच्या कामाची होते. त्याला फारसे कष्टही पडत नाहीत.

गणित बदलत नाही म्हणून नोट्स शिळ्या होत नाहीत, असे म्हणावे तर जीएसटीची उदाहरणे असलेले ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आड येते. दहावीचे हे पुस्तक २०१८ मध्ये आले, तेव्हा जीएसटीचे ५, १२, १८ आणि २८ टक्के हे मुख्य दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. आकडेमोडीची रीत तीच राहिली, तरी पानावर वर्ष लिहिलेले हवे.

बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, म्हणून त्यातली पाने उचलून आपल्या नावाने फिरवता येत नाहीत. त्यांचे हक्क बालभारतीकडेच असतात आणि खासगी गाइडांचे हक्क प्रकाशकांकडे. सूत्र आणि प्रमेय मात्र कुणाच्या मालकीचे नसते. ते स्वतःच्या शब्दांत आणि स्वतः रचलेल्या उदाहरणांनी मांडायला कोणाची परवानगी लागत नाही. स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावरचे शाळेचे नाव, बैठक क्रमांक आणि फोन नंबर आधी झाकावेत. फाइल किती हातांतून पुढे जाईल यावर लिहिणाऱ्याचा ताबा राहत नाही.

ऑनलाइन टाकले म्हणजे सगळ्यांना मिळाले, हा शेवटचा समज. उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालच्या केबलने वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन वडील बंदरावर कामाला जातात, तिथे मुलाला फाइल रात्रीच पाहता येते. प्रकरणागणिक लहान फाइल असावी, ती काळ्या-पांढऱ्यात छापता येईल अशी असावी, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून तिची प्रत काढता येते.