टेपसाठी दुसरी बॅटरी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांवर ऊस दिसायच्या आधी ऐकू येतो. मागे दोन ट्रॉल्या, मडगार्डवर स्पीकर, सीटमागे वूफर, आणि कुडित्र्याच्या कुंभी-कासारीकडं किंवा कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर. याला कुणी हौस म्हणो वा उपद्रव, रात्री दोन वाजता ताशी पंधराच्या वेगानं भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या माणसाला डोळा लागू नये म्हणून काहीतरी लागतंच. अडचण रस्त्यात येत नाही. ती कारखान्याच्या यार्डात येते. नंबर लागेपर्यंत इंजिन बंद, टेप चालू. चार तासांनी रांग सरकते, ड्रायव्हर सेल्फ मारतो आणि नुसतं 'टक' वाजतं. मागचे सगळे हॉर्न मारायला लागतात आणि मग टोचनची शोधाशोध.

यावर गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: दुसरी बॅटरी टाका. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. कारण नुसती बॅटरी वाढवली म्हणून वीज वाढत नाही. घरावरची टाकी मोठी केली तरी विहिरीवरची मोटार तेवढंच पाणी देते, तसंच हे. इथं मोटार म्हणजे अल्टरनेटर, ज्याला जुने ड्रायव्हर अजून डायनामोच म्हणतात. म्हणून आधी हिशेब, मग खरेदी.

नेहमीच्या ट्रॅक्टरला 12 व्होल्टची, साधारण 75 ते 100 एएचची बॅटरी असते आणि अल्टरनेटर बहुधा 36 ते 40 अँपिअरचा. तोही पूर्ण ताकदीनं देतो तो इंजिन चांगल्या आरपीएमवर असताना; आयडलिंगला त्याहून बराच कमी. आता टेपची भूक काढू. ॲम्पच्या खोक्यावर 1000 वॅट लिहिलंय म्हणून ते खरं धरायचं नाही. ॲम्प उलटा करून वायरींच्या तोंडाशी असलेले फ्यूज बघायचे. 25 अँपिअरचे दोन असतील तर तो जास्तीत जास्त 50 अँपिअर, म्हणजे 600 वॅटच्या आसपास घेऊ शकतो, आणि जुन्या पद्धतीचा क्लास-एबी असेल तर त्यातली निम्मी वीज स्पीकरला न जाता उष्णता होऊन जाते. अंग तापून हात लावता येत नाही ते याचमुळं. क्लास-डी ॲम्प तेवढ्याच आवाजाला बरीच कमी वीज खातो. बॅटरीवर पैसे घालण्याआधी ॲम्प बदलणं पुष्कळदा स्वस्त पडतं, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

गाणं एकसारखं वाजत नसतं. ठोके येतात, मध्ये शांतता येते. त्यामुळं सरासरी ओढ फ्यूजच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असते. मध्यम आवाजाला 10 अँपिअर धरले तर यार्डातले चार तास म्हणजे 40 एएच. 75 एएचच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त माल गेला. उरलेल्यावर दिवे लागतील, पण सेल्फला क्षणभर शेकड्यानं अँपिअर लागतात, त्यात जानेवारीची पहाट, इंजिनात घट्ट झालेलं ऑइल. तिथं बॅटरी बसते.

शिवाय ही बॅटरी अशा कामासाठी केलेलीच नसते. सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात, एका झटक्यात मोठा करंट द्यायला. ती वरचेवर निम्म्याच्या खाली उतरवली तर प्लेटांवरचा मसाला झडतो आणि हंगाम संपायच्या आत ती भंगारात जाते. टेपला लागते जाड प्लेटांची, सावकाश उतरणारी आणि पुन्हा भरणारी डीप सायकल बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर काढून बसवायचा मोह होतो, पण ती एका जागी उभी राहायला केलेली असते. फडातल्या सरीवरंब्यांत तिचे हाल होतात. ई-रिक्षाची बॅटरी जास्त बरी. ती डीप सायकलही असते आणि हादऱ्यांत चालायला केलेलीही.

आता जोडणी, आणि खरी गोम इथंच आहे. बहुतेक ठिकाणी दुसरी बॅटरी पहिलीच्या जोडीला लावून देतात: प्लसला प्लस, मायनसला मायनस. त्यानं होतं एवढंच की चार तासांनी एक उतरायची ती आठ तासांनी दोन्ही उतरतात. त्यात एक जुनी, एक नवी असेल तर जुनी नवीला रात्रभर खाली ओढत राहते. दोन्ही बॅटऱ्या चार्ज होताना एकत्र आणि खर्च होताना वेगळ्या हव्यात. बोटींवर ही रीत पूर्वीपासून आहे: इंजिनाची बॅटरी वेगळी, बाकी सगळ्याची वेगळी, कारण भर समुद्रात सेल्फ लागला नाही तर धक्का मारायला कोण येणार?

हे काम व्होल्टेज ओळखणारा रिले करतो. इंजिन चालू होऊन पहिल्या बॅटरीचं व्होल्टेज 13.3 च्या आसपास चढलं की तो दोन्ही जोडतो. इंजिन बंद होऊन ते 12.8 च्या आसपास उतरलं की तोडतो. मग टेप दुसरीवरच चालतो. टेप आणि ॲम्प दोन्हींची वायर पहिलीवरून काढून दुसरीवर घ्यायची, हे सांगायला नको, पण राहतं. काही वायरमन साधा रिले चावीच्या लाइनवर लावतात. चावी फिरताच तो जोडला जातो आणि सेल्फ मारताना दुसरी बॅटरीही त्या बारीक वायरीतून करंट द्यायला धावते. फ्यूज उडतो, फ्यूज नसेल तर वायर जळते. साधा रिलेच लावायचा असेल तर तो अल्टरनेटरच्या चार्जिंग-दिव्याच्या लाइनवर घ्यावा, म्हणजे इंजिन सुरू झाल्यावरच जोडेल.

वायरीत लोक पैसे वाचवतात. दुसरी बॅटरी सीटमागे, पहिली पुढे रेडिएटरजवळ. अंतर चार मीटर, जाऊन-येऊन आठ. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून 20 अँपिअर नेले तर वाटेत एक व्होल्टच्या वर गळतं. अल्टरनेटर 14.2 देतो, बॅटरीला पोचतात 13.1. तेवढ्यावर ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि मालक म्हणतो बॅटरी खराब दिली. तीच वायर 16 चौरस मिलिमीटरची घातली तर गळती 0.2 व्होल्टच्या आत. वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, एकेक फ्यूज. कारण वीज आता दोन्हीकडून येते आणि पत्र्यावर घासून वायर उघडी पडली तर दोन्हीकडून जाळते. मायनस चॅसीच्या गंजक्या बोल्टवर न देता वेगळी वायर ओढावी. एक्सलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून येते ती बहुधा या कच्च्या अर्थिंगचीच.

बॅटरी पट्टीनं घट्ट आवळावी आणि बंद पेटीत कोंडू नये. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पेटीला वर भोकं हवीतच.

लिथियमची चौकशी हल्ली होते. ती हलकी आणि टिकाऊ असते हे खरं. पण रिकामी असताना ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि छोटा अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर घालायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

भरण्याचा हिशेब मात्र कुणाला चुकत नाही. यार्डात काढलेले 40 एएच परत भरायला 45 तरी लागतात. रात्री परतताना 36 पैकी दिव्यांना 10, टेप मोठा असेल तर त्याला 15. बॅटरीला उरले 11, तेही आरपीएम चांगला असेल तर. म्हणजे चार तासांची वाट, आणि शेवटचा भाग बॅटरी सावकाशच पिते. फड जवळ असेल तर खेप त्याआधीच संपते आणि रोज थोडी तूट साचत जाते. त्यावर उपाय दोनच: जास्त अँपिअरचा अल्टरनेटर, किंवा दारात ट्रॅक्टर उभा असताना 8-10 अँपिअरचा घरगुती चार्जर. आवाज कमी करणं हा तिसरा, पण तो कुणी मनावर घेत नाही. खरं तर घ्यायला हवा. मागून ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू आला पाहिजे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 मोठ्या आवाजावर बंधन घालणारे ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून आहेत.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटर लावून खात्री करावी. इंजिन बंद, टेप अर्धा तास चालू: पहिली बॅटरी 12.6 च्या आसपास जागची हलता कामा नये, दुसरी थोडी उतरलेली दिसावी. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळात दोन्हींवर 14 च्या आसपास एकच आकडा यावा. दुसरीवर पहिलीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर वायर बारीक आहे किंवा तिच्या टोकाचा लग नीट दाबलेला नाही. लग हातात धरून पाहा. गरम लागला तर तोच.