वाळूच्या टेकड्या आणि आपली गृहीतकं

संशोधनाचा आराखडा लिहिताना परिकल्पना आणि गृहीतक या दोन शब्दांत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. परिकल्पना म्हणजे जे आपण तपासणार आहोत ते. गृहीतक म्हणजे जे न तपासताच खरं धरून चालणार आहोत ते. व्याख्या पाठ होते, पण दुसरं का महत्त्वाचं आहे ते काही कळत नाही. म्हणून आज तुम्हाला एका सहलीच्या ठिकाणी नेतो.

अमेरिकेत लेक मिशिगन नावाचं समुद्रासारखं पसरलेलं सरोवर आहे. त्याच्या दक्षिण काठावर इंडियाना ड्यून्स हे राष्ट्रीय उद्यान आहे. शिकागोहून लोकल ट्रेनने लोक इथे पोहायला, भटकायला, पक्षी बघायला येतात. तुम्ही पाण्यापासून आत चालायला लागा. आधी उघडी वाळू. मग वाळू धरून ठेवणारं मॅरम गवत. त्यामागे कॉटनवुडची झाडं, मग पाइन आणि शेवटी ओकचं दाट रान.

शिकागो विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या हेन्री काउल्सने हेच पाहिलं आणि १८९९ मध्ये त्यावर लेखमाला छापली. सरोवर हळूहळू मागे हटलंय, म्हणजे आतली टेकडी जुनी आणि काठावरची नवी. मग आत चालत जाणं म्हणजे काळात पुढे जाणं! शेकडो वर्षं थांबायची गरज नाही, एका दुपारी वनस्पतींचा सगळा क्रम दिसतो. या पद्धतीला क्रोनोसीक्वेन्स म्हणतात. काळाच्या जागी अंतर वापरायचं.

कल्पना भन्नाट आहे, यात शंका नाही. पण तिच्यात एक गृहीतक दडलंय: आज जिथे ओक आहे तिथे पूर्वी गवत, मग पाइन असं याच क्रमाने झालं असणार. १९५८ मध्ये जेरी ओल्सनने रेडिओकार्बनसारख्या पद्धतींनी टेकड्यांची वयं काढली, माती तपासली. त्याला एकच सरळ वाट दिसली नाही. सुरुवातीची परिस्थिती, ओलावा, माती यांनुसार वाटा वेगळ्या होत्या. २००८ मध्ये जॉन्सन आणि मियानिशी यांनी अशा गाजलेल्या उदाहरणांचा आढावा घेऊन हेच गृहीतक पुन्हा कसाला लावलं.

तुम्ही म्हणाल, झाडांचा क्रम थोडा चुकला तर बिघडलं काय? मग याच उद्यानातली दुसरी गोष्ट ऐका.

इथली माउंट बाल्डी ही टेकडी वाऱ्याबरोबर आत सरकते आणि वाटेतली झाडं गिळते. जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा तिच्यावरच्या एका भोकात पडला आणि सुमारे तीन मीटर खोल वाळूखाली गाडला गेला. त्या दिवशी एक भूशास्त्रज्ञ तिथेच वाऱ्याची मोजमापं घेत होती. कोरड्या वाळूत पोकळी टिकत नाही, ती लगेच ढासळून भरते, असंच तोवर मानलं जायचं. त्यामुळे मुलगा भोकात पडला यावर तिचा आधी विश्वासच बसेना. तीन तासांहून जास्त खोदकाम केल्यावर मुलगा जिवंत सापडला. पुढच्या अभ्यासात उलगडा झाला: गाडली गेलेली झाडं आतल्या आत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळी राहते. वरून काहीच दिसत नाही.

लक्षात घ्या, इथे कुणी आळशीपणा केला नव्हता. वाळूबद्दलचं ते ज्ञान साध्या वाळूपुरतं बरोबरच होतं. पण या वाळूच्या पोटात झाडं होती.

म्हणून आराखडा लिहाल तेव्हा गृहीतकांची यादी नुसती करू नका. प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहा: हे खोटं निघालं तर माझ्या निष्कर्षाचं काय होईल? आणि ते खोटं आहे हे मला कशावरून कळेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, तर गाइडकडे जायच्या आधी तिथेच थांबून विचार करा. आणि कधी त्या उद्यानात गेलात, तर आखलेली पायवाट सोडू नका!