गारवा आधी, तार नंतर : सोलापूरच्या विजेचा एक मागोवा

सोलापुरात यंत्राने हवा सांभाळायची पहिली गरज पडली ती सुतासाठी. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे गावाने तिलाच ‘जुनी मिल’ म्हटले. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. कोरड्या हवेत धागा तुटतो, म्हणून कताई खात्यात हवा दमट राखावी लागते आणि त्यासाठी पंखे, पंप, पाण्याचे तुषार अशी सगळी यंत्रणा लागते. गिरणीच्या कामाला एक शिस्त असते. मोटर किती अश्वशक्तीची, तिला केबल कोणती, स्टार्टर कोणता, फ्यूज किती अँपिअरचा, हे आधी ठरते. यंत्र मागून बसते.

ही शिस्त गिरणीच्या फाटकाबाहेर फारशी आली नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत सोलापूरच्या घरांत, दुकानांत, दवाखान्यांत गारवा कसा कसा आला ते पाहत गेलो, की दर टप्प्यावर तेच दिसते. यंत्र आधी आले, त्याला पुरेल अशी तार नंतर आली आणि पुष्कळ ठिकाणी ती आलीच नाही.

पहिला टप्पा पंख्याचा. लाकडी बॅटनवर क्लिपांनी बसवलेली तार, चिनी मातीचा किटकॅट फ्यूज, काळी बेकेलाइटची बटणे, खोलीत एक दिवा, एक पंखा आणि फार तर एक प्लग. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की दुपारी दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, रात्री गच्चीवर अंथरुणे टाकायची. पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे तारेची परीक्षा कधी झालीच नाही. तांब्याच्या टंचाईच्या काळात घराघरांत ॲल्युमिनियमची तार आली. हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू पसरतो, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि सांधा सैल पडतो. सैल सांधा तापतो. पंख्या-दिव्यांच्या भारावर ते लक्षात येत नव्हते. त्याच तारेवर पुढे कूलर, गिझर आणि एसी चढले तेव्हा ते लक्षात आले.

शहराच्या पूर्व भागात परिस्थिती आणखी वेगळी होती. तिथे एकाच इमारतीत खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड ही रीतच होती. मागाच्या मोटरी, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली एकाच मीटरच्या आसपास. सुताचे तूस स्विचबोर्डवर, फ्यूजवर, तारांच्या सांध्यांवर साचते. एखाद्या सैल सांध्यात ठिणगी पडली तर त्या तुसाला पेट घ्यायला वेळ लागत नाही. थ्री फेजपैकी एक फेज गेला आणि मोटर दोनच फेजवर घरघरत राहिली तर गुंडाळी जळते, हे इथल्या कामगारांना पुस्तकाशिवाय कळले. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार भरायची सवयही याच काळात लागली. फ्यूज उडणे हा इशारा असतो; जाड तार भरली की तो इशारा बंद होतो, बिघाड तसाच राहतो.

मग कूलर आला. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, कारण हवा जितकी कोरडी तितके पाणी जास्त उडते आणि हवा जास्त थंड होते. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना वाळा किंवा गवताच्या जाळ्या, आत पंखा आणि तळाशी बुडालेला छोटा पंप. विजेच्या दृष्टीने यापेक्षा धोकादायक घरगुती वस्तू दुसरी नव्हती. पत्रा वीज वाहतो, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि भरायला येणारे माणूस अनवाणी. पंपाच्या सीलमधून पाणी शिरले की अख्खा पत्रा जिवंत होतो. अर्थिंग असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. नसेल तर ती माणसातून जाते. कित्येक कूलर दोन पिनांच्या प्लगवर चालत. तिसरी पिन आहे पण तिच्यामागे तारच नाही, अशी घरेही कमी नव्हती. विदर्भ-मराठवाड्यात कूलरच्या धक्क्याने माणसे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, आणि पाणी भरण्याआधी प्लग काढा, असे महावितरणला दर वर्षी सांगावे लागते.

अर्थिंगचा प्रश्न सोलापुरात मुळातच अवघड आहे. खाली काळा बसाल्ट, वर काळी माती. पावसाळ्यात ही माती ओली असते तेव्हा वीज सहज मुरते. उन्हाळ्यात ती सुकते, भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर आणि एसी रात्रंदिवस चालतात, त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. जुने वायरमन कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरत, वरच्या नरसाळ्यातून उन्हाळाभर पाणी ओतायला सांगत. त्यामागे हे शास्त्र होते. पुढे नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थिंग जोडायची पळवाट निघाली. पाइप प्लॅस्टिकचे झाले आणि ते अर्थिंग कुणाला न कळता संपले. काहींनी न्यूट्रललाच अर्थची तार जोडली. न्यूट्रल तुटला की अशा घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर वीज येते.

२००५ साली वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झाले. त्याच्या आगेमागे भारनियमनाची वर्षे आली. त्या काळात घरोघरी इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि दुकानांसमोर जनरेटर आले. प्रत्येकाची जोडणी जुन्याच बोर्डात, आणखी एक सांधा मारून. वीज परत येताच सगळी यंत्रे एकदम सुरू होत आणि मेन स्विच तापे.

नंतर विजेच्या नकाशावर सोलापूर मोठे झाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली. देशाची एक ग्रिड झाली ती या गावाच्या नावावर. एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाचे दोन्ही संच २०१७ ते २०१९ या काळात सुरू झाले. वीज मुबलक झाली. मुबलक विजेने एसी आणला, आणि घरातली तार मात्र तीच राहिली.

दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कित्येक पट. करंट दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. म्हणून एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी, योग्य जाडीची तांब्याची तार हवी, स्वतःची एमसीबी हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी लावणे म्हणजे आगीला जागा करून देणे होय.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत दवाखाने, मंगल कार्यालये, शोरूम आणि बँकांच्या गच्च्यांवर मोठी पॅकेज युनिटे दिसू लागली. कॉम्प्रेसर, पंखा, कंट्रोल सगळे एका पेटीत, थ्री फेजवर चालणारे. काही युनिटे गार आणि गरम दोन्ही हवा देणारी. या यंत्राला वर्षभर उघड्यावर राहायचे असते, म्हणून त्याची जोडणी घरातल्या एसीपेक्षा वेगळी असावी लागते. सोलापूरच्या मेमधल्या गच्चीवर हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. आपल्याकडे केबलची क्षमता चाळीस अंशांची हवा धरून सांगितलेली असते आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा सत्तर अंश. तापलेल्या स्लॅबवर उन्हात पडलेली केबल करंट वाहण्याआधीच निम्मी मर्यादा ओलांडून बसलेली असते. म्हणून तिथे केबल हिशोबापेक्षा एक माप जाड घ्यावी, आर्मर्ड घ्यावी, स्लॅबपासून उचलून ट्रेमध्ये न्यावी. पेटीत शिरताना ग्लँड हवा आणि केबल खालून वर शिरायला हवी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत जात नाही.

युनिटच्या हाताशी, नजरेच्या टप्प्यात, पावसाने न भिजणारा आयसोलेटर, म्हणजे लाइन पूर्ण तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. मेन स्विच तळमजल्यावर आणि मेकॅनिक चौथ्या मजल्याच्या गच्चीवर, ही रचनाच घातक आहे. खाली कुणीतरी ‘एसी का बंद आहे’ म्हणून स्विच चालू करतो आणि वरच्या माणसाचा हात तारेवर असतो. आयसोलेटरला कुलूप लावता यावे, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. एवढे करूनही टेस्टर लावल्याशिवाय हात घालायचा नसतो. कंट्रोलची तार आतल्या युनिटकडून वेगळ्या लाइनवरून येत असेल तर बाहेरचा स्विच बंद असूनही ती जिवंत राहते. कपॅसिटरमधली वीज बंद केल्यावरही काही काळ टिकते. ती उतरवावी लागते.

थ्री फेज मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत, हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच होते. एक तुटले तर दुसरे राहावे, इतका साधा हेतू. स्क्रोल कॉम्प्रेसरला फेजचा क्रम उलटा लागला तर तो उलटा फिरतो आणि खराब होतो. रोहित्राच्या दुरुस्तीनंतर क्रम बदललेला असू शकतो, म्हणून फेजचा क्रम आणि तुटलेला फेज ओळखणारा रिले लावावा लागतो. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांजवळ असलेल्या युनिटांच्या जाळीवर तूस बसते, हवा कोंडते, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढू लागतो आणि केबल तापते. जाळी साफ ठेवणे हा इथे तारेच्याच सुरक्षेचा भाग आहे.

२०२१ या एका वर्षाने महाराष्ट्राला या सगळ्याची किंमत दाखवली. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, दहा बाळे गेली. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, त्या दिवशी तेरा रुग्ण दगावले. आगीची सुरुवात एसीपासून झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण गेले. कोविडच्या काळात हे विभाग दिवसरात्र चालत होते, यंत्रांना उसंत नव्हती. भंडाऱ्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले, तरी वर्ष संपण्याआधी नगर घडले. आणि १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना पेटला. आठ माणसे गेली. त्यांत एक लहान मूलही होते. शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज तेव्हा सांगितला गेला. कारखाना आणि राहते घर एकाच छताखाली असण्याची जोखीम सोलापूरला नवी नव्हती.

नियमांची उणीव नाही. १९५६ चे नियम होते, २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. वायरिंगचे आणि अर्थिंगचे भारतीय मानक आहे. विद्युत निरीक्षकांचे कार्यालय आहे, परवानाधारक ठेकेदार आहेत, विजापूर रस्त्यावरच्या आयटीआयतून वीजतंत्री आणि एसी-रेफ्रिजरेशनची मुले शिकून बाहेर पडतात. उणीव आहे ती या माणसांना वेळेवर बोलावण्याची आणि त्यांच्या कामाचे मोल करण्याची. लाखभराचे यंत्र घेताना आपण घासाघीस करतो ती आयसोलेटरवर, केबलच्या मापावर आणि अर्थिंगच्या खड्ड्यावर. उन्हाळ्याच्या गर्दीत मेकॅनिकला दिवसभरात अनेक ठिकाणी पोचायचे असते. त्याने लाइन बंद करून, टेस्टर लावून, सावकाश काम करावे असे म्हणणारा मालक विरळा. त्याच्या जिवाची जबाबदारी मात्र त्या मालकाचीही आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. गुढीपाडव्याच्या आत, कूलर आणि एसी सुरू करण्यापूर्वी, परवानाधारक माणसाला एकदा घरी आणि दुकानी बोलवा. अर्थिंगचा रोध मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बसवा, असेल तर तिचे टेस्टचे बटण दर महिन्याला दाबून पाहा. एसीची लाइन वेगळी आहे का ते विचारा. जुनी ॲल्युमिनियमची तार असेल तर बदला. गच्चीवर युनिट असेल तर त्याच्याशेजारी आयसोलेटर आहे का, हे स्वतः चढून पाहा, आणि नसेल तर तो बसेपर्यंत कुणालाही त्या यंत्राला हात लावू देऊ नका.