वास गेला, धोका नाही

पावसाळी बंदी संपली, की किनाऱ्यावरच्या बोटी पुन्हा उघडतात आणि तळातून कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यात मासळीचे अवशेष कुजतात, बंद जागेतला प्राणवायू संपतो. मग काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशीच साचून राहतो. पाणी ढवळले, की एकदम बाहेर पडतो.

हा वायू शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरू देत नाही. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला, की काही मिनिटांतच नाक बधिर होते. वास थांबला म्हणून खलाशी निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. प्रमाण आणखी वाढले, तर माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही अनेकदा बळी पडतो.

म्हणून आधी सगळी झाकणे उघडा, आत भरपूर ताजी हवा खेळवा. वर उभे राहूनच पंपाने पाणी उपसा, मग तळ साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नका. विषारी क्लोरीन निघतो. आत कुणी बेशुद्ध पडलेच, तर जीव कितीही तुटला तरी श्वसनयंत्राशिवाय उतरू नका. अग्निशमन दलाला आणि १०८ क्रमांकाला कळवा.