कर काजूवर, पण कोणत्या?

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावात काजू, मसाले, मध असा निवडक माल विकणाऱ्या छोट्या दुकानाचा आयातीच्या नियमांशी काय संबंध, असं अनेकांना वाटतं. ज्यांना संबंध दिसतो त्यांचा समज वेगळा: परदेशी काजूवर जबर कर बसला की आजरा-चंदगडचा शेतकरी तरतो आणि त्याचा काजू विकणारा दुकानदारही. कर जबर आहे यात शंका नाही. २०१९च्या जूनमध्ये केंद्राने काजूगराची किमान आयात किंमत तुकड्यासाठी किलोला ६८० आणि अख्ख्या गरासाठी ७२० रुपये ठरवली. त्याहून स्वस्त माल आणायलाच बंदी. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पाने गरावरचं सीमाशुल्क ४५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेलं. पण ही तटबंदी फक्त सोललेल्या गराभोवती आहे. टरफलासकट येणाऱ्या काजू बीवर २०१६मध्ये ५ टक्के शुल्क लागलं आणि २०१८मध्ये तेही २.५ टक्क्यांवर आलं.

गर विकतो कारखानदार, शेतकरी विकतो ती बी. म्हणजे गरावरचा कर कारखान्याला आधार देतो, बागायतदाराला नाही. त्याच्या बीला आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाच्या बीशी जवळजवळ उघड्यावर टक्कर द्यावी लागते. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो. आयात बी समजा १२० रुपये किलो धरली, तर २.५ टक्के शुल्काचा बोजा किलोभर गरावर जेमतेम १२ रुपये पडतो. एवढ्याने कोणी स्थानिक बीकडे वळत नाही. गरावर ७० टक्के शुल्क असतानाही २०२४च्या हंगामासाठी राज्य सरकारला बी उत्पादकांना किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं, यातच सगळं आलं.

दुकानदाराच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आहे, की ‘भारतात तयार’ असं पाकिटावर असलं म्हणजे आतला काजू इथल्या मातीतला. अन्नसुरक्षेच्या लेबल-नियमांनुसार ज्या देशातल्या प्रक्रियेने पदार्थाचं स्वरूप बदलतं तोच त्याचा मूळ देश धरला जातो. त्यामुळे आफ्रिकेतली बी इथे सोलली की गर कायद्याने भारतीय होतो, आणि त्यात खोटेपणा काही नाही. पण गारगोटीतला दुकानदार शेजारच्या डोंगरातला काजू म्हणून जास्त भाव मागतो, तेव्हा त्याच्या त्या दाव्याला आयातशुल्काचं कसलंच पाठबळ नसतं. गावाचं नाव भौगोलिक मानांकनाने राखलं जातं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं राखलं गेलं आहे तसं. भाव उसळले की दुकानात पडून असलेल्या डब्यांवर चार पैसे सुटतात हेही खरं, मात्र दिवाळीचा पुढचा माल भरायला भांडवल जास्त लागतं. मोठ्या व्यापाऱ्याला ते जड जात नाही. महिन्याच्या उलाढालीवर जगणाऱ्याला जातं.

मग बीवरही मोठा कर लावा, असं कोणी म्हणेल, आणि कोकणातल्या बागायतदारांची ती मागणी अडाणीपणाची मुळीच नाही. अडचण वेळापत्रकाची आहे. आपली बी साधारण फेब्रुवारी ते मे येते. कारखाना आणि त्यातल्या सोलणाऱ्या बायका यांना काम वर्षभर हवं असतं, आणि देशातलं उत्पादन कारखान्यांच्या गरजेला पुरत नाही. बारमाही कर बसला तर आफ्रिकेची तीच बी व्हिएतनामला जाते, तिथे सोलली जाते आणि त्या गराची भिंत चुकवून आत येण्याची ओढ वाढते. गर स्वस्त दाखवता येत नाही म्हणून त्याला वेगळंच नाव देऊन आणल्याच्या तक्रारी उद्योगाने यापूर्वीच केल्या आहेत. मला पटतो तो मधला मार्ग: शुल्क फक्त स्थानिक हंगामापुरतं चढं ठेवावं आणि त्याची तारीख वर्षभर आधी जाहीर व्हावी. बागायतदाराला भाव त्याच चार महिन्यांत लागतो. कारखान्याला उरलेले आठ महिने बी मिळते, आणि दुकानदाराला पुढच्या दिवाळीचा दर कुठे जाईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. आज त्याला तो घाऊक बाजारातून फोन आल्यावरच कळतो.