लेसरची बॅटरी पोरांच्या हाती नको

पेनासारखी लांबट, लाल किंवा हिरवा ठिपका पाडणारी बॅटरी आपण यात्रेत खेळण्यांच्या दुकानात पाहिली असेल. पाखरे हाकायला काही जण ती रानातही नेतात.

मागच्या साली एका वस्तीवर गेलो होतो. तिथल्या पाचवीतल्या पोराने पैजेखातर हा झोत डोळ्यात घेतला. दुखले नाही, डोळा लाल झाला नाही, म्हणून घरी बोलला नाही. आठ दिवसांनी मास्तरांच्या ध्यानात आले, की पोरगं फळ्यावरचे अक्षर मान वाकडी करून वाचतंय. नजरेच्या मधोमध डाग पडला होता.

असे का होते? भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळण्याचा खेळ आपण लहानपणी केलाच असेल. डोळ्यातही भिंग असते. साध्या बॅटरीचा उजेड पसरतो, लेसरचा फारसा पसरत नाही. डोळ्यातले भिंग तो सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करून मागच्या पडद्यावर टाकते. या पडद्याला वेदनाच कळत नाही. जळाला तरी माणसाला पत्ता लागत नाही, आणि जळालेला भाग पहिल्यासारखा होईल याचा भरवसा नसतो.

झोत १ मिलिवॅटपर्यंतचा असला तर पाव सेकंदात पापणी मिटते नि डोळा वाचतो. पण स्वस्तातल्या मालावर छापलेला आकडा खरा असेलच असे नाही. जोरदार झोतापुढे पापणी मिटेपर्यंत नुकसान होऊन जाते.

आता राखणीचे. भर उन्हात तो ठिपका आपल्यालाच दिसत नाही, पाखराला काय दिसणार? दिवसा आपली गोफण आणि डबाच बरा. पहाटे किंवा दिवस मावळताना वापरायचीच, तर समोरच्या बांधावर, वाटेवर कोणी नाही ना ते आधी बघा. झोत खाली, पिकावरून फिरवा. थेट पाखरावर रोखू नका. गुराढोरांच्या तोंडावर तर नकोच, त्यांच्याही डोळ्यात भिंग आहे. ट्रॅक्टरची काच, स्टीलची घागर यांवरून झोत उलटा येतो. विमानाकडे कधीही धरू नका, वैमानिकाचे डोळे दिपतात.

काम झाले की सेल काढून बॅटरी वर ठेवा. कोणाच्या डोळ्यात झोत गेलाच, तर डोळा चोळू नका, घरगुती औषध घालू नका. अंधुक दिसू लागले किंवा मधे डाग वाटला, तर पडदा तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच न्या. त्या पोराच्या आईने, कळल्यावरही, चार दिवस गुलाबपाणीच घातले होते.